तारांवरचा हात

तुम्ही त्या कोपऱ्यातल्या काळ्या पेटीकडे दोनदा पाहिलंत, म्हणून सांगतो. आत बास गिटार आहे. ती न्यायला कुणी येणार नाही. जिची होती तिनं त्यानंतर कुठल्याच वाद्याला हात लावला नाही, आणि मलाही ती टाकवत नाही.

गिटार माझ्याकडे आली होती अगदी साध्या कामासाठी. दुपारच होती, पण आभाळ भरून आल्यामुळे दुकानात दिवा लावावा लागला होता. एक बाई आपल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. गिटार बाईच्या भावाची. तो आदल्याच वर्षी आजारपणात गेला. भाचीला वाजवायला त्यानंच शिकवलं होतं. आता शाळेतून आली की पोरगी दार लावून तीच घेऊन बसायची. तक्रारी नेहमीच्या. जाड तार खरखरते, स्पीकरला जोडली की गुणगुण येते, आणि कधीकधी सूर वाजता वाजता मध्येच गुदमरतो.

हे शेवटचं सांगताना बाईचा आवाज उतरला. मुलीला बाहेरच्या बाकावर बसवून ती आत आली.

"दादा, दुरुस्त नाही झाली तरी चालेल... फक्त दोष गिटारचाच आहे, एवढं तिला सांगा."

मी मान डोलावली, ती बाहेर मुलीजवळ जाऊन बसली आणि मी कामाला लागलो. हवेनं लाकडाची मान वाकली होती. मानेच्या आत एक लोखंडी सळई असते. ती जराशी पिळली, मान सरळ झाली, खरखर गेली. मागचं झाकण उघडलं तर अर्थिंगची वायर सुटलेली. ती कथलाचा डाग देऊन परत जोडली. आता गुणगुणीचं असं असतं, की अर्थिंग चोख असलं तरी थोडीशी राहतेच, आणि वाजवणाऱ्यानं तारांवर हात ठेवला की थांबते. गिटार स्पीकरला जोडून मी हात ठेवला, शांत. काढला, सुरू. म्हटलं, झालं काम.

गिटार तशीच जोडलेली ठेवून मी हात धुवायला वळलो. साबण लावत होतो... आणि पाठीमागची गुणगुण थांबली.

वाटलं, वीज गेली. पण दिवा जळत होता. स्पीकरचा लाल ठिपकाही. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. फेसाळलेले हात तसेच धरून मी उभा राहिलो. थोड्या वेळानं गुणगुण आली... आणि पुन्हा थांबली. सावकाश, कुणी हात उचलून परत ठेवावा तशी.

डाग ओढून पाहिला. पक्का होता. मग जाड तार छेडली. सूर उठला, भरला आणि एकदम गप्प झाला. तार थरथरत थरथरत विझते, ते डोळ्यांना दिसतं. ही विझली नाही, दाबली गेली. डागाच्या धुराच्या वासात आता आणखी एक वास होता, बरीच वर्षं बंद राहिलेल्या कपड्यांसारखा.

मी बाईला हाक मारली. तिच्यामागून मुलगीही आली. तिनं गिटारकडे पाहिलं आणि उलट मलाच धीर दिला. म्हणाली, काका, घाबरू नका, तो मामा आहे. मी चुकले की तो तार दाबून धरायचा, अजूनही धरतो. मामा शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलाय, इतक्या सहज बोलत होती. तिच्या आईनं माझ्याकडे विनवणीनं पाहिलं. पोरीला तेवढाच आधार होता, तो मोडायला माझी जीभ रेटेना.

"तार अशी दाबली जाते तेव्हा तू तिच्यावर हात लावून पाहिलास कधी?" मी विचारलं.

"नाही. वाजवताना दोन्ही हात गुंतलेले असतात ना."

गुणगुण परत थांबली. मुलगी पुढे झाली. आईनं तिचा दंड धरायच्या आत तिनं तळवा तारांवर टेकवला होता, झोपलेल्या माणसाच्या हातावर ठेवावा तसा अलगद. ती हसली. मग ते हसू तिच्या चेहऱ्यावरच थिजलं. हात मात्र तिनं मागे घेतला नाही. घेता येत नसावा, अशी उभी राहिली.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "हा मामा नाही... हा हात माझ्याहून लहान आहे."