रिकामी!

विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझा मामा आयुष्यात एकच खोटं बोलला. तेही चाळीस वेळा.

आणि हो, रात्र वगैरे काही नव्हती. टळटळीत दुपार होती. साडेतीन वाजले होते.

मामा ज्या रस्त्यावर जन्मला, तोच रस्ता पाडायचा होता. खाली दुकानं, वर घरं, मधून बस, हातगाड्या आणि हॉर्न. शेजाऱ्याशी बोलायचं तरी ओरडूनच. त्या जागी नवी वस्ती येणार होती. खाली दुकानं आणि दवाखाना, वर आताच्या दुप्पट घरं, गाड्या बाहेर आणि मधोमध झाडांची रांग. जुन्या सगळ्यांना तिथेच घर मिळणार होतं. बांधणाऱ्या कंपनीने मामाला मुद्दाम कामावर घेतलं, कारण घर सोडताना लोक किल्ली द्यायचे ती फक्त त्याच्या हातात.

काम साधं होतं. लोक गेले की वर जायचं. प्रत्येक खोली, मोरी, माळा बघायचा. आत कोणी नाही ना, याची खात्री करायची. मग खालच्या दारावर लाल खडूची फुली.

पण मामाचे गुडघे! जिना दिसला की त्याचं तोंड कडू औषध प्यायल्यासारखं व्हायचं. म्हणून त्याने आपली एक पद्धत पाडली. त्याच्या जोडीला एक चौकीदार होता. काडीसारखा बारीक, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे. पैलवान खालून रीतसर तीनदा विचारायचा, "कोणी आहे का आत?" मामा फक्त जिन्याच्या वळणापर्यंत जायचा, कठड्याला टेकायचा आणि तिन्ही वेळा तिथूनच सूर लावायचा...

"रिकामीऽऽ!"

की फुली.

अशा चाळीस जिन्यांवर चाळीस फुल्या. एकदा-दोनदा वरून काही हलल्यासारखं वाटलं होतं. "घूस असेल," म्हणून मामाने सोडून दिलं.

शेवटचा राहिला तो शिलाईवाल्या काकूंचा जिना. काकू सकाळीच सामान घेऊन गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "अरे, खुंटीवर माझी मापाची टेप राहिली बघ. तेवढी आणशील ना?" मामाच्या शाळेच्या चड्ड्या काकूंनी शिवलेल्या. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

बरोबर चार वाजता पाडायचं मशीन सुरू होणार होतं. काकूंच्याच घरापासून.

मामाने फोन पैलवानाच्या चौकीत चार्जिंगला लावला होता. तो तसाच वर गेला. वळण ओलांडून, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

खोलीत अंधार होता. खिडक्यांवर बाहेरून पत्रे ठोकलेले. टेप खुंटीवरच होती. मामाने ती काढून गळ्यात टाकली आणि वळला...

दार बंद झालं.

आपटलं नाही. झोपलेलं बाळ उठू नये म्हणून कोणीतरी जपून लोटावं, तसं हळूच बंद झालं.

आतली कडी आणि मूठ सुताराने दोन दिवसांपूर्वीच काढून नेलेली. धरायला काहीच नव्हतं. मामाने फटीत नखं घातली. खांद्याने धडक दिली. दार हललं नाही.

बाहेर मशीन गरम करायला सुरू केलं होतं. त्याची घरघर भिंतीतून तळपायाला जाणवत होती.

मग खालून पैलवानाचा आवाज आला. रोजच्यासारखाच.

"कोणी आहे का आत?"

मामाचा जीव भांड्यात पडला. तो जिवाच्या आकांताने ओरडला, "आहे! अरे, मी आहे आत!"

आणि दाराच्या पलीकडून, खाली जिन्याच्या वळणावरून, आवाज आला.

"रिकामीऽऽ!"

मामाचाच आवाज. तोच सूर. शेवटी दम लागून येतो, तो खोकलासुद्धा तोच.

"बरं साहेब!" पैलवान म्हणाला.

मामा खाली बसला. आपण इथे आहोत, मग तिथे कोण उभं आहे?

"कोणी आहे का आत?" पैलवानाने दुसऱ्यांदा विचारलं.

"आहे! पैलवाना, वर ये! आहे!"

पण या वेळी मामा एकटा ओरडत नव्हता.

बाजूच्या भिंतीतून कोणीतरी म्हणालं, "आहे..."

त्याच्या पलीकडून एक बाई, "आहे हो..."

मग त्याच्याही पलीकडून. एकेक घर करत, सगळ्या रस्त्याभर. म्हातारे, बायका, एक लहान पोर. सगळे दमलेले, खूप दिवस हेच सांगून घसा बसल्यासारखे. "आहे... आम्ही आहोत... आहे..."

मामाने कान गच्च दाबले. तरी वळणावरचा आवाज त्याला ऐकू आलाच.

"रिकामीऽऽ!"

आता एकदाच विचारणं उरलं होतं. मग फुली, आणि मग मशीन.

मामा सांगतो, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. ओरडून उपयोग नाही. आपण काहीही म्हटलं तरी बाहेर तोच एक शब्द पोचणार. इतके महिने आपणच तो शिकवलाय.

त्याने तोंड घट्ट मिटलं. कंबरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला. मोरीत पाण्याचा पाइप काढलेलं भोक होतं. जुडगा जाईना. त्याने जुडग्याची कडी उघडून एकेक किल्ली बाहेर ढकलली. खण्ण... खण्ण... खण्ण...

खाली पैलवान तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडत होता, तो थांबला. मामा जेवतानाही कंबरेच्या किल्ल्या सोडत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

जिन्यावर पावलं वाजली. दार एका बोटाने उघडलं.

"साहेब, तुम्ही इथे?" पैलवानाचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मग आत्ता वळणावर पाठमोरं कोण उभं होतं? मी त्याला ओलांडून आलो!"

मामा खाली उतरला आणि समोर येईल ती फुली हाताने पुसत सुटला. इंजिनिअर धावत आला. "अहो, काय चाललंय?"

"साहेब, मशीन थांबवा," मामा रडत म्हणाला. "मी एकदाही वर गेलो नाही हो. एकदाही नाही."

त्या संध्याकाळी मामा त्याच गुडघ्यांनी चाळीसच्या चाळीस जिने चढला. प्रत्येक माळा बघितला. कुठेच कोणी नव्हतं. घराघरात फोन लावले. सगळे सुखरूप, आपापल्या जागी. नोकरी मात्र गेली.

आता तिथे सुंदर वस्ती झालीये. झाडं दुसऱ्या मजल्याला लागलीत, सावलीत बाकं आहेत. मामालाही पहिल्या मजल्यावर घर मिळालंय. तो एकटाच राहतो.

गेल्या महिन्यात मी त्याच्याकडे गेले. दार वाजवलं. "मामा, आहेस का रे?"

आतून आवाज आला...

"रिकामीऽऽ!"

मला हसू आलं. "चेष्टा पुरे, उघड."

"रिकामीऽऽ!"

मग दार उघडलं. मामा घामाघूम झाला होता. माझ्यावरच खेकसला, "बहिरी झालीस का गं? केव्हाचा 'आहे, आहे' म्हणून ओरडतोय!"

मी त्याला काहीच सांगितलं नाही. सांगायची हिंमतच झाली नाही. उद्या तो घरात पडला, त्याने मदतीला हाक मारली, तर शेजाऱ्यांना काय ऐकू येईल, या विचाराने मला झोप लागत नाही.

त्याच्या घराची दुसरी किल्ली मी करून घेतलीये. रोज संध्याकाळी जाते. हाक मारत नाही. दार उघडते आणि आधी प्रत्येक खोली बघते.

बाथरूमसुद्धा. माळासुद्धा.