सहाव्या रांगेचा दिवा

वालू बे बंदराजवळच्या गोदामात एलईडी कुठले बसवायचे ते ठरवायला धनसुखभाई शेठ दुपारी तीनला स्वतः आले. गोदामाला खिडकी नव्हती. यांगोनाच्या, कुटून पाण्यात कालवून प्यायच्या, मुळ्यांची पोती छतापर्यंत रचलेली, हवेला मातीचा तिखट वास, आणि भरदुपारीही डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार.

नमुन्यादाखल दोन दिवे टांगले होते. पाचव्या रांगेवरचा कायम जळणारा. सहाव्या रांगेवरचा सेन्सरचा. कुणी हललं की लागायचा, नाहीतर तीन मिनिटांत विझायचा. वीज वाचेल म्हणून शेठचं मन सेन्सरवर बसलं होतं.

मुकादम लितिया मात्र हटायला तयार नव्हती. दोन वर्षांपूर्वी याच सहाव्या रांगेत पोत्यांची थप्पी तिच्या नवऱ्यावर, तेवितावर, कोसळली होती. अंधारात तो कुणाला दिसलाच नाही. माणसं चार हातांवरून ये-जा करत राहिली, आणि सापडला तेव्हा गार पडला होता. मोठा अदबशीर माणूस. बसलेल्याच्या मागून जाताना वाकून ‘तुलोऊ’, माफी असावी, असं म्हटल्याशिवाय पाऊल टाकायचा नाही. पोत्यांनाही म्हणतो, अशी चेष्टा व्हायची त्याची.

“पोत्याखालचा माणूस हलत नाही, शेठ,” ती म्हणाली. “त्याला हा दिवा काय देणार? दात कोरून पोट भरत नाही.”

शेठ हसले. हा दिवा उंदीरसुद्धा टिपतो, म्हणाले. लितियानं वाद घातला नाही. पाचव्या रांगेचा दिवा बंद केला, शेठना सहाव्या रांगेत पोत्यावर बसवलं, अजिबात हलू नका म्हणून बजावलं आणि स्वतः समोर जमिनीवर मांडी घातली.

तीन मिनिटांनी दिवा विझला.

“मी इथंच आहे. दिसते का?”

वास दाटत गेला. कुठंतरी सुतळी करकरली... आणि दोघांपैकी कुणीही न हलता दिवा लागला.

लितियाच्या पाठीमागून, अगदी हळू, शब्द आला.

“तुलोऊ...”

शेठची पाचावर धारण बसली. “कोण... कोण गेलं?”

“उंदीर असेल,” लितिया म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण तिनं मागं वळून पाहिलं नाही. “कायमच्या दिव्यांच्या ऑर्डरवर सही करा, शेठ. तोवर मी इथून उठणार नाही.”

सही झाली. पंधरवड्यात सगळ्या रांगा लख्ख उजळल्या. जन्मात कुणापुढं न वाकलेले शेठ सहाव्या रांगेशी वाकून जाऊ लागले.

दिवे लागले त्या पहिल्याच दिवशी तीन वाजता लितिया ‘तुलोऊ’ म्हणत त्या रांगेत शिरली. कुणी नव्हतं. फक्त धुळीत टाचांच्या दोन ताज्या रेघा होत्या, वाटेवरच्या माणसानं पाय आखडून घ्यावेत तशा, तळाच्या पोत्याखाली गेलेल्या. तिच्या अंगावर काटा आला, तरी ती थांबली.

“पसर पाय,” ती म्हणाली. “हा दिवा आता कुणाच्या बापाला विझवता येणार नाही.”

पुढची पोती मोजून ती परतली, तेव्हा टाचांचे ठसे वाटेच्या मधोमध होते.