दिलदारची डिस्क

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय. कोल्हापुरात, कळंब्याच्या रस्त्याला, गेल्या वर्षी गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात.

यशराजचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान तिथंच होतं. हात चांगला, नियत खोटी. जुन्या लॅपटॉपात रॅम वाढवायची, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायची, नव्याचा खर्च वाचायचा. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. काढलेली डिस्क परत मागायचं कुणाच्या ध्यानातच यायचं नाही. ती याच्या ड्रॉवरात जायची आणि तिथून दुसऱ्याच्या लॅपटॉपात.

शाहिस्तानं मात्र मागितली.

"दादा, लॅपटॉप ह्यांचा हाय. हे उन्हाळ्यात गेले. आता मला शिकवण्या घ्यायच्यात, म्हणून फास्ट करून पायजे. पण जुनी डिस्क परत द्या. पोरीला बापाचा आवाज त्यातच ऐकायला मिळतोय."

"देतो की वैनी."

डिस्क ठणठणीत होती. यशराजनं एक व्हिडिओ उघडूनही बघितला. शाहिस्ताचा नवरा दिलदार मांडीवरच्या पोरीला विचारत होता, "अब्बा कोण? सांग की!" पोरगी हसत त्याच्या नाकाला हात लावत होती.

तरी या माणसानं डिस्क पुसली. दुसरं गिऱ्हाईक डिस्कसाठी खोळंबलं होतं, एवढ्यासाठी!

"वैनी, डिस्क खराब झालती. आतलं काय बी न्हाय राहिलं."

ती भांडली नाही. लॅपटॉप पोटाशी धरून गेली.

त्याच दिवशी, दिवे लागायच्या वेळेला...

बीप.

टेबलावर एक उघडा लॅपटॉप पडला होता. रॅम काढली की लॅपटॉप असा ओरडतो, त्यात नवल नाही.

पण याची बॅटरीही काढलेली होती, चार्जरही लावलेला नव्हता.

बीप... बीप...

मग त्या मेलेल्या लॅपटॉपातून आवाज आला.

"अब्बा कोण? सांग की!"

आवाज तोच. पण आता त्यात लाड नव्हता. राग होता.

यशराज शटर न ओढताच पळाला. बायकोला फोन लावायला मोबाईल काढला. स्क्रीनवर मुलीच्या वाढदिवसाचा फोटो... केक होता. बायको होती. मुलगी होती, पण कुणीतरी कडेवर घेतल्यासारखी... अधांतरी.

यशराज नव्हता.

त्यानं सगळे फोटो चाळले. तो एकातही नव्हता.

घरी बायकोनं, निशिगंधानं, दार उघडलं. "अवो, एवढा घाम का आलाय?"

ती ओळखते! त्याचा जीव भांड्यात पडला.

मागून चार वर्षांची राजनंदिनी आली. रोज गळ्यात पडणारी पोर आज आईमागं लपली.

"आई, कोण आलंय?"

"अगं, पप्पा हायत की!"

"न्हाय."

डॉक्टर झाले, देव झाले. शाहिस्ताचे पाय धरून झाले. "मी काय बी केलं न्हाय," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. कुणालाच काही उलगडलं नाही. ज्यांनी हे ऐकलंय, त्यांना अजूनही घरात शिरताना पोरांना हाक मारायची धास्ती वाटते.

राजनंदिनी आता त्याला घाबरत नाही. जेवण झालं की शहाण्या पोरीसारखी पाण्याचा तांब्या पुढं करते आणि विचारते,

"पावणं, तुमी तुमच्या घरी कवा जाणार?"