न उघडणारे चार फोटो

"फ्लॅश पडला की डोळे मिटायचे. दर वेळी! जमेल?"

"त्यात काय!" असं म्हणून शेपटीनं लगेच डोळे गच्च मिटून दाखवले.

"आत्ता नाही गं, तिथं!" टपालनं कपाळावर हात मारला. "आणि हसायचं नाही. हसलीस की सगळं मुसळ केरात!"

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तिघांची बैठक बसली होती. इकडची बातमी तिकडे पोचवल्याशिवाय ज्याला घास गोड लागत नसे, तो टपाल. तो जाईल तिथं मागे मागे जाणारी त्याची धाकटी बहीण म्हणजे शेपूट. आणि खिशात काहीबाही साठवणारी, काटकुळी, चपळ, आजच्या मोहिमेची सेनापती म्हणजे खार.

इमारतीतली बाकीची पोरं सुट्टी लागताच मामा-मावशीकडे पसार झाली होती. टपाल आणि शेपूट मागे राहिले, कारण त्यांच्या मावशीच्या घराला रंग लागत होता. खार मागे राहिली, कारण तिला कुठं घेऊन जाणारं कुणी नव्हतं.

खारची आई जहाजावर होती. भर समुद्रात हवामान मोजणाऱ्या यंत्रांची देखभाल करायचं तिचं काम. करार एका वर्षाचा. जहाज बंदराला लागलं की तिचा फोन यायचा, मग तोही येईनासा झाला. सुट्टीच्या सुरुवातीला आईबरोबर काम केलेल्या एक बाई घरी परतताना एक मेमरी कार्ड देऊन गेल्या. करार आता संपत आला होता. आई परत येणार की आणखी एक वर्ष तिकडेच राहणार, ते त्या कार्डात कळेल म्हणून खार नाचत नाचत ते बाबांच्या फोटो स्टुडिओत घेऊन गेली होती.

कार्डात समुद्राचे फोटो होते. यंत्रांचे होते. दोरीवर वाळणाऱ्या मोज्यांचासुद्धा एक होता! पण निरोप नव्हता. एक शब्दही नव्हता. आणि शेवटचे चार फोटो तर उघडतच नव्हते.

"खराब झालेत. होतं असं," मशीनकाका म्हणाले होते. हे स्टुडिओतलं छपाईचं मशीन सांभाळायचे आणि स्वतःच्या टापटिपीवर भलतेच खूश असायचे.

पहिले काही दिवस बाबा रोज विचारायचे, "उघडले का हो ते?" मग तेही विचारेनासे झाले. घरी जेवताना ताट-वाटीचा काय तो आवाज. आई आपल्याला विसरली, असं खारला वाटायचं. बाबांनाही तसंच वाटत असणार. पण दोघं एकमेकांना हे बोलून दाखवत नव्हती, आणि एकाच घरात दोघं दोन कोपऱ्यांत एकटी पडली होती.

आणि मग काल एक गंमत झाली.

स्टुडिओच्या भिंतीवर त्याच कार्डातला आईचा एक फोटो लावला होता. मशीनकाकांनी तो चौकटीत बसवण्यासाठी कडेनं छाटला होता, त्यामुळे आईचा डावा हात कोपरापाशीच संपत होता. काल खारनं हट्ट करून तोच फोटो संगणकावर अख्खा पाहिला. आईच्या त्या हातात आवाज टिपायचा छोटा रेकॉर्डर होता, आणि त्यावरचा लाल दिवा चालू होता!

"म्हणजे ती काहीतरी बोलत होती! मग ते बोलणं गेलं कुठं?" खारनं जिन्यावर येऊन विचारलं होतं.

"ते चार फोटो किती मोठे आहेत, बघितलंस?" टपालनं विचारलं.

खारनं बघितलं होतं. बाकीच्या फोटोंच्या दुप्पट-तिप्पट!

मग टपालला शाळेतला संगणकाचा तास आठवला. "आमच्या बाई म्हणाल्या होत्या, प्रत्येक फाइलच्या नावामागे एक टिंब आणि दोन-चार अक्षरं असतात. शेपूटच म्हण ना! ते शेपूट बघून संगणक ठरवतो, हा फोटो आहे की गाणं आहे की आणखी काही. फोटोचं शेपूट जेपीजी, गाण्याचं एमपीथ्री."

"माझ्यावरून नाव ठेवलंय?" शेपटीनं आशेनं विचारलं.

"तू गप!"

पण खारच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. मशीनकाकांची पद्धत तिला पाठ होती. कार्ड आलं की त्यातलं सगळं उतरवून घ्यायचं. मग एकच बटण दाबून सगळ्या फायलींना गिऱ्हाइकाचं नाव आणि आकडा लावायचा. छपाईचं मशीन फक्त जेपीजी घेतं, म्हणून ते बटण प्रत्येक फाइलच्या मागे जेपीजी चिकटवायचं. मागचापुढचा विचार नाही, मग ती फाइल आवाजाची का असेना! आणि शेवटी कार्ड पुसून कोरं करायचं. आईचंही कार्ड त्यांनी तसंच कोरं केलं होतं. आता ते चार 'फोटो' फक्त स्टुडिओच्या संगणकात उरले होते. आणि दर शनिवारी संध्याकाळी मशीनकाका न उघडणाऱ्या सगळ्या फायली पुसून टाकत! इतके दिवस त्या टिकल्या, कारण बाबांनी थांबा म्हटलं होतं. पण आज सकाळी बाबांनीच मान खाली घालून सांगितलं होतं, "पुसा आता."

आज शनिवार होता. बाबा एका शाळेचे फोटो काढायला गेले होते, आणि मशीनकाका पोरांना संगणकाला बोट लावू देत नसत.

"चला!" खार म्हणाली.

"काका, हिचा पासपोर्टचा फोटो हवाय," टपालनं साळसूद चेहरा केला.

मशीनकाकांनी शेपटीला पडद्यामागच्या खोलीत उंच स्टुलावर बसवलं. पडदा पडला, तशी खार संगणकासमोर सटकली.

"मान सरळ. हलू नकोस. हां!" फ्लॅश! "अगं, डोळे मिटलेस!"

"मी नाही मिटले. ते आपोआप मिटले!"

खारनं आईच्या नावाचा फोल्डर उघडला. ते चार शेवटी होते. तिनं 'आई-सोळा' या नावामागे टिंब देऊन एमपीथ्री लिहिलं आणि दोनदा क्लिक केलं.

'ही फाइल उघडता येत नाही.'

पडद्यामागे पुन्हा फ्लॅश पडला.

"परत मिटलेस!"

"काका, तुमच्या दिव्यालाच सांगा ना जरा हळू लागायला!"

टपाल चुकला होता का? आवाजबिवाज काही नव्हताच का तिथं? खारला विचारायचं होतं, पण टपाल आत स्टुलापाशी अडकला होता. ती एकटीच होती. तिनं पुन्हा सगळी नावं वाचली. आई-एक, आई-दोन, आई-तीन... शेपूट कुणालाच नव्हतं! पण बाई तर म्हणाल्या होत्या, प्रत्येक फाइलला असतं. मग ती लपवलेली असणार!

तिनं वरची एकेक यादी उघडून पाहिली. 'व्ह्यू' असं लिहिलेल्या यादीत 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स', म्हणजे फाइलच्या नावाला जोडलेलं शेपूट, अशी ओळ सापडली. तिच्या अलीकडचा चौकोन रिकामा होता. खारनं त्यावर टिचकी मारली.

आणि पडद्यावरच्या सगळ्या नावांना एकदम शेपट्या फुटल्या! सगळीकडे टिंब जेपीजी, टिंब जेपीजी. आणि तिच्या फाइलला चक्क दोन. आई-सोळा, टिंब एमपीथ्री, टिंब जेपीजी! तिनं नवं शेपूट लावलं होतं खरं, पण जुनं मागे दडून बसलं होतं आणि संगणक त्या शेवटच्याचंच ऐकत होता.

तिनं शेवटचं जेपीजी खोडलं. लगेच पडद्यावर पाटी आली. 'शेपूट बदललंत तर फाइल कदाचित वापरता येणार नाही. नक्की बदलायचं?'

खारनं ती पाटी पुन्हा एकदा वाचली. आईचं जे काही उरलं होतं, ते एवढंच होतं. पण डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून आतल्या साखरेचं मीठ होत नाही. तिनं 'हो' दाबलं.

फोटोचं चित्र गेलं आणि तिथं गाण्याचं चिन्ह आलं. तिनं क्लिक केलं.

"बास झालं!" मशीनकाका पडद्यामागून ओरडत होते. "माझ्या उभ्या आयुष्यात असं गिऱ्हाईक..."

"खारू? ऐकू येतंय का गं?"

आवाज अख्ख्या स्टुडिओत घुमला. मागे वारा होता, पाण्याचा खळखळाट होता. मशीनकाका कॅमेरा हातात घेऊन पडदा सारून बाहेर आले.

"माझा मोबाइल डेकवरून थेट समुद्रात गेला," आई सांगत होती. "सगळे नंबर घेऊन गेला बघ! मला पाठ असलेला एकच नंबर, स्टुडिओचा. पाटी मीच रंगवली होती ना, तीन वेळा चुकले, म्हणून पाठ झाला. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी आम्ही बंदरात असू. तेव्हा मी स्टुडिओत फोन करीन. दुसऱ्या दिवशी मला पुढच्या वर्षाच्या करारावर सही करायची का, ते सांगायचंय. तुम्हा दोघांशी बोलल्याशिवाय काही ठरवायचं नाहीये. पण फोन कुणी उचलला नाही, तर समजेन की तुम्ही रागावलात. आणि रागावलात तर बरोबरच आहे तुमचं..."

"शेवटचा रविवार!" टपाल किंचाळला. "म्हणजे उद्या!"

"उद्या तर आपलं बंद असतं," मशीनकाका पुटपुटले. "अरे देवा... आणि मी हे संध्याकाळी पुसणार होतो."

बाबा आले तेव्हा चारही फायली त्यांच्या खऱ्या शेपटीसह तयार होत्या. बाबांनी उभ्या उभ्याच ऐकलं. एका फाइलमध्ये आई बेसूर गात होती. एक फाइल फक्त बाबांसाठी होती, तेव्हा खार बाहेर पायरीवर जाऊन बसली. चौथीत बोलणं नव्हतंच. "एकटं वाटलं की हे ऐक, मीही तेच ऐकतेय," एवढं म्हणून आई गप्प झाली होती, आणि पुढे नुसता समुद्र वाजत होता.

रविवारी स्टुडिओचं शटर अर्धं वर होतं. खार, टपाल, शेपूट, बाबा, मशीनकाका, सगळे फोनभोवती बसले होते. फोन वाजला! बाबांनी झडप घातली.

"पासपोर्टचे फोटो मिळतील का?"

"आज बंद आहे हो!" बाबा इतक्या जोरात ओरडले की शेपूट स्टुलावरून पडता पडता वाचली.

मग बराच वेळ काहीच नाही. टपालसुद्धा बातमी द्यायला बाहेर पळाला नाही, यावरून काय ते समजा.

फोन पुन्हा वाजला. या वेळी बाबांनी रिसीव्हर खारकडे दिला.

"आई?"

"खारू! तू... तू रागावली नाहीस?"

"रागावले होते. आम्हाला वाटलं, तू काही बोललीच नाहीस. मशीनकाकांनी तुझ्या आवाजाला फोटोचं शेपूट लावलं होतं!"

"कसलं शेपूट?" आई हसायला लागली. तिचं हसू जरा उशिरानं, दुरून आल्यासारखं पोचत होतं. खारनं बोलायचं म्हणून बरंच काही ठरवलं होतं. ते सगळं विसरून ती एवढंच म्हणाली, "आई, सही नको करूस ना."

"नाही करत," आई म्हणाली. "बाबाला दे फोन."

जहाज परत यायला अजून दोन महिने लागणार होते. सुट्टी तर त्याआधीच संपणार होती. पण बाबा फोन ठेवून खारजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "मी विचारायचंसुद्धा सोडून दिलं होतं गं. तू सोडलं नाहीस. शाबास!"

"आणि मला?" शेपटीनं विचारलं.

"तुला तर खास शाबासकी!" मशीनकाकांनी एक लांबलचक कागद पुढे केला. त्यावर शेपटीचे बारा फोटो होते, बाराहींत डोळे मिटलेले. "आणि तो चौकोन मी आता कायमचा चालू ठेवलाय. शेपूट बघितल्याशिवाय यापुढे कशाचंही नाव बदलणार नाही!"

टपाल ही बातमी द्यायला केव्हाच इमारतीकडे धावला होता.

मशीनकाकांनी भिंतीवरची चौकट उतरवली. छाटलेला फोटो काढून त्यांनी तिथं नवीन, अख्खा लावला. आता आईचा हात पूर्ण दिसत होता, आणि हातातला लाल दिवाही.