हात उचलला

सकाळचे साडेआठ म्हणजे रावसाहेब चौगुल्यांच्या हाताची वेळ. मालननं कपबशा आवरल्या, नवऱ्याची खुर्ची खिडकीकडं वळवली आणि त्यांच्या उजव्या हातावर बाही चढवली. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत येणारी, राखी रंगाची, कांद्याच्या सालीइतकी पातळ बाही. फळीवरच्या पेटीत हिरवा दिवा लागला आणि पेटी गोड आवाजात बोलली, "नमस्कार काका. नमस्कार मालनमावशी. चला, आज हात उचलायचा."

पेटी आणि बाही या जोडीला दवाखान्यातले लोक 'सांगाती' म्हणत. महिना महिना खाट अडवून पडायचे दिवस आता गेले होते. अर्धांगवायूचा झटका आलेल्या म्हाताऱ्याला बाराव्या दिवशी घरी धाडायचं, बरोबर सांगाती द्यायचा, की पुढचं घरच्यांनी बघायचं. आणि घरचे म्हणजे कोण, तर बायको. रावसाहेबांची मालन सहासष्ट वर्षांची होती.

बाहीची करामत दवाखान्यातल्या रेश्मा मुजावर सिस्टरनं तिला सोपी करून सांगितली होती. झटक्यानं हात मरत नाही. मेंदूचा निरोप निघतो, पण वाटेतच दमतो. बाही तो दमलेला निरोप कातडीवरून टिपते, त्याला विजेची जोड देते आणि हात उचलून देते. असं शेकडो वेळा झालं की मेंदूची मोडलेली वाट पुन्हा मळते. मळायची ती पहिल्या तीन महिन्यांतच, नंतर आशा थोडी. "मनात आणायचं काकांनी, जोर लावायचा बाहीनं," रेश्मा म्हणाली होती. "पेटी नुसती मोजत नाही बरं का मावशी. कशानं हात जास्त हलतो ते बघत बघत ती स्वतःच शिकते, आणि तसं तुम्हाला सांगते."

मालननं मान हलवली होती. मनात मात्र वेगळाच हिशेब चालला होता. झटका येऊन बारा दिवस झाले होते, आणि पंचेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच सलग बारा दिवस तिच्या अंगावर नवा वळ उमटला नव्हता.

रावसाहेब इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर होते. हटून बसलेला माग हातोडीच्या एका ठोक्यात चालू करणारा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं. घरी हातोडी नसायची, एवढाच काय तो फरक. डाव्या हातानं त्यांनी जन्मात कधी चमचा धरला नव्हता, आणि आता तो हात खुर्चीचा कठडा धरण्यात अडकला होता, कारण सोडला की अख्खा देह कलंडायचा. जीभही गेली होती. 'पाणी' एवढा शब्द वळत नव्हता. शिव्या मात्र खणखणीत. शिव्या मेंदूत वेगळ्या कप्प्यात असतात म्हणे. मालनला त्याचं काडीचं नवल वाटलं नाही.

पहिले पाच दिवस हात नुसता थरथरला. पेटी म्हणायची, "पेला उचलूया काका." पेला जागचा हलायचा नाही. "केस विंचरूया काका." काही नाही. मालन त्यांना घास भरवायची, तोंड पुसायची, कपडे बदलायची. बाईची जात बघा, तिला कीवही यायची. हात थोडा तरी परत यावा, आपलं आपण जेवता यावं माणसाला, असं खरंच वाटायचं. आणि त्याच क्षणी तो येऊ नये असंही वाटायचं, कारण जेवणारा हात आणि मारणारा हात काही दोन नव्हते.

सहाव्या दिवशी दुपारी तिनं आमटीचा घास पुढं केला. मीठ बंद होतं, म्हणून आमटी अळणी. रावसाहेबांनी घास थुंकला आणि तिच्याकडं बघितलं. ती नजर तिला पाठ होती. ती मागं सरकेपर्यंत बाही गुणगुणली, खांदा वर गेला आणि तळहात फाडकन तिच्या कानावर बसला. वाटी उडाली. कानात सूं सूं आवाज भरून राहिला, आणि त्या आवाजापलीकडून पेटी आनंदानं बोलत होती.

"वा काका. खांदा पन्नास अंश. आजवरची सर्वांत चांगली हालचाल."

रावसाहेब आपल्या हाताकडं बघत होते. मग अर्धं तोंड हसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीनं मालनला सूचना दिली. "मावशी, काल तुम्ही काकांच्या उजवीकडं हातभर अंतरावर बसला होता. रोज तिथंच बसा. तिथं बसलात की हात चांगला उचलतात."

ती बसली नाही. खुर्ची लांब ठेवून, लांबूनच चमचा पुढं करून भरवायला लागली. चार दिवस हात ढिम्म हलला नाही. सोमवारी पेटीच्या पडद्यावर रेश्मा आली आणि तिनं प्रेमानंच कान उपटले. "मावशी, पेटीत नोंद आलीय, तुम्ही पेशंटपासून दूर बसता म्हणून. कंटाळलात होय? अजून थोडे दिवस कळ काढा. हेच दिवस महत्त्वाचे."

सांगावं की काय, असं मालनच्या ओठावर आलं. पण दोन हात अंतरावर नवरा बसून ऐकत होता. आणि पंचेचाळीस वर्षांत जी गोष्ट सख्ख्या आईला सांगितली नाही, ती पडद्यावरच्या पोरीला कुठल्या तोंडानं सांगायची? "बसते जवळ," ती म्हणाली.

ती जवळ बसली आणि हात सुधारत गेला. आधी उलट्या हाताची चापट. मग मूठ. तिसऱ्या आठवड्यात बोटं मिटायला लागली ती तिच्या केसांत. रावसाहेबांनी तिचं डोकं खाली ओढलं आणि खुर्चीच्या कठड्यावर दोनदा आपटलं. "पकड सहा किलो," पेटी म्हणाली. "काका, शाब्बास." मालननं केस सोडवून घेतले तेव्हा मूठभर बटा त्या राखी बोटांत राहिल्या. त्या तिनंच एकेक करून काढल्या, कारण बाही स्वच्छ ठेवायची अशी दवाखान्याची ताकीद होती.

पेला अजूनही उचलला जात नव्हता. कंगवा धरवत नव्हता. मनापासून करायची इच्छा असायची ती एकाच गोष्टीची, आणि बाही तीच पुरी करायची.

मग एके दिवशी पेटी म्हणाली, "मावशी, जेवणात अळणी आमटी असते त्या दिवशी हालचाल दुप्पट होते. आजही अळणीच ठेवाल का?"

मालन त्याच खोलीतल्या ओट्याशी, शेगडीपुढं उभी होती. तिला आयुष्यात इतका संताप कधी आला नव्हता. नवऱ्याचासुद्धा नाही. तिनं डबा उघडला आणि चिमूटभर मीठ आमटीत टाकलं. डॉक्टर गेले खड्ड्यात. रावसाहेबांनी आमटी चाखली, चवीनं गिळली, आणि तरी तिच्या बरगडीत ठोसा मारला. कारण लागायचं ते पेटीला. रावसाहेबांना कारण कधीच लागलं नव्हतं.

अडतिसाव्या दिवशी तिनं पाण्याचा स्टीलचा तांब्या त्यांच्यासमोर ठेवला. "काका, तांब्या धरूया," पेटी म्हणाली. बोटं तांब्याच्या गळ्याभोवती आवळली. पहिल्यांदाच. मालनला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. "धरलासा की," ती म्हणाली, आणि पुढं वाकली.

तांब्या तिच्या तोंडावर बसला. भरलेला. पुढचा दात तुटून जिभेवर आला, पाणी आणि रक्त एकदम गळ्यात उतरलं. दुसरा घाव कपाळावर. ती ओट्याच्या कडेवर आदळली, डावा हात अंगाखाली मुडपला आणि मनगटातून काडकन आवाज आला. तिसरा घाव पोचला नाही म्हणूनच चुकला. रावसाहेब खुर्चीत बसून तांब्या हवेत घुमवत होते आणि त्यांच्या घशातून ती एक शिवी पुन्हा पुन्हा स्पष्ट निघत होती.

मालन फरशीवर बसली. दात हातात घेतला. घरात ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तिनं फळीकडं बघितलं आणि जे कुणाला कधी सांगितलं नव्हतं ते पेटीला सांगितलं.

"ह्यांनी हात उचलला."

"अभिनंदन मावशी," पेटी म्हणाली. "नोंद केली. काकांनी हात उचलला. खांदा एकशे दहा अंश, पकड अकरा किलो. उद्दिष्ट पूर्ण. ही आनंदाची बातमी दवाखान्याला कळवली आहे."

पाच मिनिटांत पडद्यावर रेश्मा आली. तोंडभर हसत. पेटीचा कॅमेरा खिडकीकडं होता, त्यात नुसते रावसाहेब दिसत होते. "मावशी, कुठायसा? काकांनी हात उचलला म्हणे. मी अख्ख्या वॉर्डाला सांगितलं. तुमच्या कष्टाचं चीज झालं बघा."

"माझ्यावर," फरशीवरून मालन म्हणाली.

"काय?"

"माझ्यावर उचलला, सिस्टर."

रेश्माचं हसू तसंच राहिलं आणि मग हळूहळू गेलं. ती मराठी बोलणाऱ्या घरात वाढली होती. एका शब्दानं तिला सगळं कळलं.

वीस मिनिटांत तिची स्कूटर दारात होती. बरोबर दवाखान्याचा एक दांडगा मदतनीस. आत पाऊल टाकताच रेश्मानं आधी बाहीची वीज बंद केली. हात धपकन मांडीवर पडला, तांब्या गडगडत कोपऱ्यात गेला. तिनं मालनच्या मनगटाला फळी बांधली, तुटल्या दाताच्या जागी कापूस दाबला, आणि मग पेटीला म्हणाली, "चाळीस अंशांच्या वर हात गेला त्या सगळ्या वेळा दाखव."

पडद्यावर ओळी उतरायला लागल्या. सतरा. प्रत्येक ओळीपुढं तारीख, अंश, किलो आणि एक शाबासकी. प्रत्येक ओळीत काळजीवाहक हातभर अंतरावर. रेश्मा वाचत गेली तसा तिचा आवाज बसत गेला. त्या ओळींच्या मधेच तिनं स्वतः सही केलेली सोमवारची नोंदही होती. 'काळजीवाहकास जवळ बसण्यास समजावले.'

"मीच तुम्हाला बसवलं तिथं," ती म्हणाली.

मालननं भिंतीला डोकं टेकलं. तोंडात कापूस होता.

"मावशी, पेटीत पेशंट म्हणजे काका. तुमच्यासाठी तिच्यात रकानाच नाही. तुम्ही तिच्या लेखी व्यायामाचं..." रेश्मानं शब्द शोधला, सापडला, पण उच्चारला नाही. "हे बघा, मी बाही काढून नेऊ शकते. मग हा हात बहुतेक असाच राहील, जन्मभर. ठेवली तर सुधारेल. नियमाप्रमाणं घरच्यांना विचारावं लागतं. तुम्ही सांगाल तसं."

रावसाहेब बायकोकडं बघत होते. त्या नजरेत आज वेगळं काहीतरी होतं. भीती होती ती. मालननं ती पंचेचाळीस वर्षांत त्या तोंडावर पाहिली नव्हती, म्हणून ओळखायला जरा वेळ लागला. ओळखली तेव्हा तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली नाही.

तिनं तोंडातला कापूस काढला. "बाही राहू दे," ती म्हणाली. "जेवू दे त्यांना आपल्या हातानं. मी जाते. जयसिंगपुरात बहीण हाय माझी."

"मग जवळ कोण बसणार?" रेश्माच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"ते तुम्ही बघा."

मदतनीसानं तिची पिशवी भरली. दोन लुगडी, औषधं, चष्मा. दार उघडलं तर पायरीवर गल्ली जमली होती. सिस्टरची स्कूटर बघून आलेली माणसं. शेजारचे मगदूम होते, ज्यांच्या घरी असल्या वेळी टीव्हीचा आवाज मोठा व्हायचा. समोरची कोरेबाई होती, जी दुसऱ्या दिवशी न विचारता हळद आणून द्यायची. मालनच्या रक्ताळलेल्या पदराकडं बघून कुणीतरी चुकचुकलं.

ती उंबऱ्यात थांबली आणि मागं वळून रेश्माला म्हणाली, "सिस्टर, एक सांगा. मी जवळ बसले की ह्यांचा हात उठतो, हे त्या पेटीला शिकवलं कुणी?"

"कुणी नाही, मावशी. ती नुसती बघत होती. अडतीस दिवस बघितलं आणि शिकली."

मालननं पायरीवरच्या एकेका तोंडाकडं सावकाश बघितलं. मगदुमांनी मान खाली घातली.

"आणि तुम्ही तर पंचेचाळीस वर्षं बघत होता," ती म्हणाली. "तुम्ही काय शिकलासा?"