तापईच्या मडक्याची गाठ

मैत्रिणीच्या, येन पिंगच्या, पत्राला सुहैलाने उत्तर लिहिलंच नव्हतं. गेल्या सुट्टीनंतर येन पिंगच्या वडिलांची बदली दूर क्वांतान शहरात झाली, आणि तिथून तिचं एकच पत्र आलं. "तुझी ओपा अजून माझ्यावर रागावली आहे का? या सुट्टीत मी मावशीकडे येणार आहे. तुमच्या घरी येऊ की नको?" सुहैलाने ते भूगोलाच्या पुस्तकात सरकवलं. तेव्हापासून तिला भूगोलाचं पुस्तक उघडवेना.

आता सुट्टी लागली होती, आणि ओपाची तापई पुन्हा बिघडली होती.

ओपा म्हणजे सुहैलाची आजी. मलेशियातल्या बाटू गाजा गावच्या शनिवारच्या बाजारात लोक तिची तापई घ्यायला सकाळीच येत. चिकट भात वाफवायचा, त्यावर खमीर भुरभुरायचं आणि मडकं झाकून ठेवायचं. भात गोड, रसाळ होतो. पण तापई मोठी मानी! खमीर टाकताना बोलायचं नाही, आणि स्वयंपाकघरात आंबट काही आणायचं नाही. नाहीतर ती रुसते आणि तिच्यावर लाल ठिपके उठतात, असं ओपा सांगे.

गेल्या सुट्टीत ठिपके उठले तेव्हा येन पिंगच्या खिशातून खारवलेल्या आंबट कैरीची पुडी निघाली होती. ओपा एवढंच म्हणाली, "तरीच." येन पिंग मान खाली घालून घरी गेली. ती पुडी कोणी विकत आणली होती आणि ओपाची पावलं ऐकून येन पिंगच्या खिशात कोणी कोंबली होती, ते फक्त दोघींना ठाऊक होतं. येन पिंग एक शब्द बोलली नव्हती. सुहैलाही नाही.

"पुन्हा लाल," ओपा झाकण ठेवत म्हणाली. "आता कोणी आंबट आणलं?"

"मी नाही," सुहैलाचा धाकटा भाऊ रिदवान म्हणाला. "मी आंबट खात नाही. बाकी सगळं खातो."

"ते दिसतंच आहे," मुकिलन म्हणाला. त्याच्या वडिलांची वड्यांची गाडी बाजारात ओपाच्या शेजारीच असे, आणि सुट्टीत तो इथेच पडीक असायचा. "पण या वेळी येन पिंग तर नव्हती."

सुहैला दचकली. आत्ता कोणी दुसऱ्याने तापई बिघडवली असेल, तर तेव्हाही त्यानेच बिघडवली असेल. मग येन पिंग सुटेल. आणि मी? पुढचा विचार तिने मनात येऊच दिला नाही.

ओपाने नवं मडकं लावलं, लुंगीसारख्या जुन्या सारोंगात गुंडाळलं आणि वर सैलसर गाठ मारली. दुसऱ्या दिवशी दुपारी सुहैला बघते, तर गाठ वेगळीच! घट्ट, टोक आत खोचलेलं.

"ही गाठ मी पाहिली आहे," मुकिलन म्हणाला. "ड्युरियन फळांच्या लॉरीवर ताडपत्री अशीच बांधतात."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ड्युरियनच्या हंगामात लॉरी घेऊन ओपाकडे मुक्काम ठोकणारा एकच माणूस होता, अंजांगमामा.

"पण मामा म्हणतो, त्याला तापई आवडत नाही," रिदवान म्हणाला.

"म्हणजे तोच," मुकिलन म्हणाला.

"ओपाला सांगूया?"

"सांग की. लाडक्या लेकाचं ऐकेल की तुझं?"

मग बेत ठरला. तेही मडकं लाल झालं, तेव्हा ओपाने गुरुवारी रात्री आणखी एक लावलं. शुक्रवारी जेवणं झाल्यावर ओपा आडवी झाली. मुलांनी खरं मडकं सुहैलाच्या खाटेखाली लपवलं. त्याच्या जागी दुसरं मडकं ठेवलं. त्यात साधा भात, आणि वरच्या थराखाली कुटलेल्या लवंगी मिरच्या! ओपाची गाठ जमता जमता सुहैलाला घाम फुटला. मग तिघं पाण्याच्या पिंपामागे दडून बसली.

मामा मशिदीतून आला. ताटलीतलं रोजक, म्हणजे फळांची आंबट-तिखट कोशिंबीर, उभ्या उभ्या संपवलं, चमचा चाटला, इकडेतिकडे पाहिलं आणि गाठ सोडली. त्याच चमच्याने त्याने मोठा घास घेतला.

आधी त्याचे कान लाल झाले. मग तो पिंपाकडे धावला आणि थेट तीन तोंडांसमोर येऊन थांबला.

"पाणी," मामा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"मामा, तुला तापई आवडत नाही ना?" रिदवानने विचारलं.

गडबडीने ओपा उठून आली. तिने सुटलेला सारोंग पाहिला आणि मामाच्या हातातला चमचा पाहिला.

"हे रोज चालतं?"

"रोज एकच चमचा, आई. गोड झाली का, ते बघायला."

"आणि उष्टा? तोंडातला चमचा आत घातल्यावर तापई लाल होईल नाहीतर काय!"

"मामा, गेल्या सुट्टीतही?" सुहैलाने विचारलं.

मामाने मान खाली घातली. "तेव्हाही हंगाम होताच की."

शनिवारी खाटेखालची तापई बाजारात आली, गोड आणि पांढरीशुभ्र. ओपा प्रत्येक गिऱ्हाइकाला गोष्ट सांगत होती. "पोरांनी लॉरीवाल्याला पकडलं बघा!" मुकिलनच्या वडिलांनी तिघांना गरम वडे दिले. कोणी पाठ थोपटली, कोणी गाल ओढला. सुहैलाला वडा गिळवेना. प्रत्येक शाबासकी तिला लवंगी मिरचीसारखी लागत होती.

"बिचारी येन पिंग," तापई बांधायचं पान दुमडत ओपा म्हणाली. "उगाच बोल लागला तिला. तरी पण आंबट आणायला नको होतं तिने."

आता गप्प बसणं सोपं होतं. कोणी विचारतही नव्हतं.

"ओपा, ती पुडी माझी होती," सुहैला म्हणाली. "तिच्या खिशात मी घातली."

समोर गिऱ्हाइकं उभी होती. मुकिलन चघळायचा थांबला. ओपाचा हात पानावर तसाच राहिला. सुहैला जमिनीकडे बघत राहिली.

"आणि तिने तुझं नाव घेतलं नाही," ओपा हळूच म्हणाली.

"नाही."

"मीही तिला धड विचारलं नाही." ओपाने पान पुन्हा दुमडायला घेतलं. तिच्या आवाजात राग होता, पण तो नेमका कोणावर, ते सुहैलाला कळेना. "रडतेस काय? लोक खोळंबलेत, पुड्या बांध. बाजार उठला की तिला लिही. माझीही माफी लिही, आणि तुझी स्वतःची नीट लिही."

दुपारी सुहैला मुकिलनच्या वडिलांच्या रिकाम्या गाडीवर वही ठेवून बसली. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं, "रागावायला हवं होतं ते माझ्यावर. पुडी माझी होती, हे सगळ्यांसमोर सांगितलं मी. ओपाही माफी मागते आहे. तुला यावंसं वाटलं तर ये. नाही वाटलं तरी मला कळेल."

"एवढंच?" रिदवानने विचारलं.

"एवढंच खरं आहे," ती म्हणाली. मग टपाल कचेरीपर्यंत ती एकटीच गेली आणि तिने पाकीट पेटीत टाकलं.