खंडेनवमीचा माउस

नीलिमा पक्की इंजिनिअर. पुराव्याशिवाय कुणाचं काही ऐकून घेणारी नव्हे. पण खंडेनवमीला अवजारांची पूजा करायची आणि मग दिवसभर त्यांना हात लावायचा नाही, एवढं ती पुण्याहून ऑकलंडला आल्यावरही पाळायची. २०१३ साली तर तिची आई आशालताबाई माउंट रॉस्किलच्या घरी मुक्कामाला होत्या, मग काय विचारता! सकाळीच अवोन्डेलच्या बाजारातून फुलं आली. पाटावर तांदूळ पसरून विळी, कात्री, स्क्रूड्रायव्हर सगळं मांडून झालं. नीलिमाने कॉम्प्युटरचा माउस वायरीसकट काढून पाटावर ठेवला आणि त्याच्या शेजारी गुरुनाथने दिलेला लाकडी माउस.

गुरुनाथ तिचा कॉलेजपासूनचा मित्र, आता ऑकलंडजवळच पापाकुराला राहणारा. जगातला पहिला माउस लाकडाचा होता. खाली दोन चाकं, वर एक बटण. तस्साच एक त्याने स्वतःच्या गॅरेजमध्ये कोरला होता. आतून पोकळ, नुसता शोभेचा.

"ज्याने माउस शोधला, त्याच्या पदरात काही पडलं नाही, नीलू," तो देताना म्हणाला होता. "आपलं तसं होऊ द्यायचं नाही."

जुलैत माउसचा तो म्हातारा संशोधक गेल्याची बातमी आली, तेव्हा गुरुनाथचे डोळे भरून आले होते. अशा माणसावर कोण विश्वास ठेवणार नाही?

त्यांचा प्रोग्रॅम दोघांचा म्हणायचा, पण डोकं सगळं नीलिमाचं. तिच्या वडिलांचा हात थरथरायचा, माउस धरता यायचा नाही. म्हणून तिने चार वर्षं खपून तो लिहिला. तो प्रत्येक हाताची थरथर सहीसारखी ओळखायचा आणि पडद्यावरचा बाण स्थिर ठेवायचा. वडील गेले, प्रोग्रॅम राहिला. त्यावर आपलं नाव लागावं, एवढंच तिला हवं होतं.

अकराच्या सुमाराला गुरुनाथचा फोन आला. कामासाठी दोघांचे पडदे जोडलेले असत; त्याचा बाण लाल, तिचा निळा.

"पेटंटचा फॉर्म टाकलाय बघ. शेवटी 'मान्य' आहे, त्यावर एक क्लिक मार."

"आज नाही रे. माउस पूजेत आहे."

"लाकडीपण ठेवलास?"

"हो. का?"

"काही नाही. मग हात लावू नकोस."

लाल बाण फॉर्म भराभर खाली सरकवू लागला. मधली एक ओळ नीलिमाच्या नजरेत आली. संशोधक: गुरुनाथ. त्याखाली दुसरं नाव नव्हतं.

"गुरू, माझं नाव कुठाय?"

"अगं, हीप्स पेपरवर्क होतं, ढीगभर... नंतर घालू ना."

सोळा वर्षांची मैत्री, आणि हा माणूस किती सहज बोलत होता! तिला रडू आलं आणि त्याहून जास्त स्वतःचाच राग आला.

"मी मान्य करणार नाही," ती म्हणाली.

कोपऱ्यातला निळा बाण हलला.

तो सावकाश, एका रेषेत, फॉर्मच्या तळाशी गेला. तिची पाटाकडे पाठ होती. तिकडून 'टक्' असा आवाज आला.

"थँक्स, नीलू. स्वीट ॲज, मस्त झालं."

"मी नाही केलं! गुरू!"

"तुझाच प्रोग्रॅम आहे. हात बरोबर ओळखतो तो." त्याने फोन ठेवला.

ती वळली. तांदळात दोन चाकांच्या रेघा उमटल्या होत्या, लाकडी माउसपर्यंत.

"आई, तू पाटाला हात लावलास?"

सोफ्यावर वाती वळणाऱ्या आशालताबाईंनी मान वर केली. "पूजेतलं मी कशाला उचलू?"

नीलिमाने कीबोर्डवरून प्रोग्रॅममधली त्या क्लिकची नोंद उघडली. क्लिक आपलं नाही, हे सिद्ध करायला तेवढं पुरे होतं.

हात: नीलिमा. जुळणी शंभर टक्के.

तिने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि एकमेकांत घट्ट धरले. ते अजिबात हलत नव्हते.

पडद्यावर नवी ओळ आली.

माउसवर पकड चालू आहे. थरथर वाढते आहे.